हार मानायची तालीम

रीडली, ११ मार्च

किर्क,

फोन मी मुद्दाम उचलत नाही. फोनवर तू मला बोलण्यात गुंडाळतोस, आणि ठेवल्यावर माझ्या लक्षात येतं की आपण भांडायला बसलो होतो आणि 'बरं बाबा, जेवलास का' म्हणून उठलो. म्हणून कागद. कागदावर गुंडाळता येतंय का बघ.

काल मी माझ्या बाबांना एका माणसाच्या छातीवर पाहिलं. काळी हुडी. तिच्यावर पांढऱ्या रेषांत बाबांचा चेहरा, चेहऱ्याखाली 'किताहाता', आणि पाठीवर हातभर मोठ्या अक्षरांत: 'हार मानू नकोस. कधीच.'

कोणाच्या अंगावर पाहिली ते विचारू नकोस. सांगणार नाही.

घरी येऊन तुझ्या कंपनीचं पान उघडलं. खुर्च्या, उशा, कीबोर्ड, चहाचे मग, सगळ्यावर आपलं आडनाव. आपलं म्हणजे माझं. तुझं आडनाव निशिओ. लिलियन आत्या लग्न होऊन निशिओंच्या घरी गेली, तिथे तू जन्मलास. तुझ्या बापाचं नाव खुर्चीच्या पाठीवर बसत नव्हतं का?

तो फोटो आईने काढलेला, बौद्ध मंदिराच्या मागच्या अंगणात. त्याखाली तुझ्या लोकांनी लिहिलंय, 'या डोळ्यांत न झुकणाऱ्या योद्ध्याची आग आहे.' अरे, त्या दिवशी त्यांची दाढ ठणकत होती! आई म्हणत होती हसा, आणि ते म्हणत होते लवकर काढ. आग कसली, दाढदुखी आहे ती.

हेही सोडून दिलं असतं. पण ते वाक्य? तोकुजी किताहाता यांनी जन्मात कधी ते वाक्य उच्चारलं नाही. उलटंच शिकवलं. दर सप्टेंबरात नवी पोरं बाबांच्या ज्युदोच्या तालमीत यायची तेव्हा पहिले कित्येक दिवस त्यांना एकही डाव शिकवत नसत. फक्त थाप. मानेवर, हातावर पकड बसली, दुखायला लागलं की चटईवर दोनदा थाप द्यायची, समोरच्याने त्या क्षणी सोडायचं. 'जिंकणारा घरी जातो, हरणाराही घरी जातो. दोघं घरी पोचले की माझं काम झालं.' हे त्यांचं वाक्य. छाप की हे हुडीवर.

बाबांनी तुला थाप द्यायला शिकवलं, तू थापा मारायला शिकलास.

फोटो काढ. नाव काढ. वाक्य तर आजच काढ.

जॅनिस

---

अर्वाइन, २० मार्च

नेसान,

थोरल्या बहिणीचं पत्र, म्हणून उभ्यानेच वाचलं. मग बसून वाचलं. मग माझ्या आईला फोन लावला, तर ती म्हणाली, 'जॅनिसला राग आला असेल तर काहीतरी कारण असेल.' म्हणजे माझ्या घरातही माझी बाजू घेणारं कोणी नाही.

आता माझं ऐकून घे. तू मला एखाद्या चोरासारखं धरलंयस.

मी मामांना विचारलं होतं. शेवटच्या वर्षी फ्रेस्नोच्या इस्पितळात भेटायला आलो तेव्हा. म्हटलं, 'मामा, तुमच्या तालमीवरून एक काहीतरी सुरू करतोय, तुमचं नाव लावू?' त्यांनी मान डोलावली. फोटो माझ्या आईच्या अल्बममधून, तिच्या समोर काढून घेतला. चोरी कुठे आहे?

तुला वाटतं मी पोरांना खेळणी विकतो. मी चाळिशीतल्या माणसांसाठी काम करतो, नेसान. परिचारिका, बसचालक, मुलांना झोपवून तासभर व्हिडिओ गेम खेळणारे बाप. त्यांच्याकडे कोणी बघत नाही. दुकानात गेले तर त्यांच्यासाठी लाल-निळे दिवे लुकलुकणाऱ्या खुर्च्या, जणू ते बारा वर्षांचे आहेत. घरी त्यांना लाज वाटते. एवढे मोठे झालात आणि खेळता? मी त्यातलाच. दिवसभर गेम बनवायचो, नंतर गेम खेळायचो आणि हरलो की ओरडायचो. एकदा कीबोर्ड भिंतीवर फेकला. माझी टेसा दारात उभी होती. म्हणाली, 'डॅडी, तू कोणावर ओरडतोस? खोलीत तर कोणी नाहीये.'

त्या दिवशी मला तुमची तालीम आठवली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्याकडे यायचो तेव्हा मामा आधी चटई पुसायला लावायचे. माझी कुरकुर चालायची, 'मी मळवली नाही, मी का पुसू?' ते म्हणायचे, 'पुसणाऱ्याचीच होते ती.' मी टेबल पुसलं. ताठ बसलो. पडद्याला वाकून नमस्कार केला, कारण पलीकडे कोणीतरी माणूस आहे, तो शत्रू नाही, त्याच्याशिवाय माझा खेळच नाही. तीन डाव खेळलो. पुन्हा वाकलो आणि बंद केलं. हरलो होतो, तरी शांत झोप लागली. महिन्याभरात ओळखीची माणसं तसं करायला लागली. कोणी म्हणालं, असं नीट बसता येईल अशी साधी खुर्ची मिळते का? मिळत नव्हती. म्हणून बनवली. टेबलावर पसरायला कापडाची चटई, तिला आपल्या चटईसारखी काळी किनार, तीही बनवली. एक बाई लिहिते की तुमच्या चटईमुळे माझा नवरा हरल्यावर दार आपटत नाही. हे खोटं आहे का? ही मामांचीच शिकवण नाही का?

राहिलं ते वाक्य. ते माझ्या भागीदाराचं, गॅरेटचं. पैसा त्याचा आहे. पहिल्या वर्षी आम्ही 'तीन डाव, मग थांबा' असं छापत होतो. गॅरेट म्हणाला, 'थांबा म्हणणाऱ्याकडून कोणी काही विकत घेत नाही.' आणि तो बरोबर निघाला. वाक्य बदललं आणि माल हातोहात खपायला लागला.

आणि मामांनी ते कधी उच्चारलं नाही असं तू छातीठोक सांगतेस? सॅन होजेची स्पर्धा आठव. मी तेरा वर्षांचा. त्या आडदांड पोराने माझा हात पिरगाळून धरला होता, कोपर तुटायची वेळ. मी थाप दिली नाही. दात आवळून उलटलो, त्याला खाली घेतलं आणि जिंकलो. मामा खुर्चीतून उठून उभे होते. घरी येताना ट्रकमध्ये रीडलीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. माझा एवढा अभिमान आयुष्यात दुसऱ्या कोणालाच वाटला नाही. ते गप्प बसणं म्हणजेच ते वाक्य, नेसान. मी फक्त ते लिहून काढलं.

जूनमध्ये लास वेगासला आमचा मोठा मेळा आहे. शेकडो खेळाडू, दोन दिवस आणि दोन रात्री अखंड सामना. जो शेवटपर्यंत खुर्ची सोडणार नाही तो जिंकला. ये. स्वतः बघ. तुला पहिल्या रांगेत बसवतो.

किर्क

---

रीडली, २ एप्रिल

किर्क,

पहिल्या रांगेत तुझ्या गॅरेटला बसव.

बाबांनी मान डोलावली म्हणतोस. त्या वर्षी ते जेवणाचं ताट आणणाऱ्या मुलीलाही मान डोलवायचे, आणि टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईलाही. तुला ते दिसलं नाही, कारण तू तासभर आलास आणि गेलास. असो.

सॅन होजेचं सांगते. मी होते त्या ट्रकमध्ये, मागे, सामानाबरोबर. घरी आलो. तू आत जाऊन आईला पदक दाखवत होतास. बाबा पर्सिमनच्या झाडाखाली गेले आणि ओकले. मी पाणी घेऊन गेले तर म्हणाले, 'मी त्या पोराला काही शिकवलं नाही. काहीच शिकवलं नाही.' तो अभिमान नव्हता, मूर्खा. ती भीती होती. तीस वर्षं तू एका घाबरलेल्या म्हाताऱ्याच्या गप्प बसण्याची पूजा करतोयस, आणि आता ती विकतोयस.

का घाबरले ते तुला कोणी सांगितलं नाही. आपल्या घरात अशा गोष्टी मुलांना सांगत नाहीत, आणि तू तर तिकडे गार्डीनात वाढलेला, इथे सुट्टीपुरता आलेला. आता सांगते.

तू जन्मायच्या आधी बाबांचा एक शिष्य होता, रेमंड त्सुदा. सतरा वर्षांचा. त्याच्यासारखा पोरगा या खोऱ्यात झाला नाही असं सगळे म्हणत. त्या काळी बाबा थाप फारशी शिकवत नसत. त्या काळी ते तुझ्या हुडीसारखेच बोलायचे, हेही ऐकून ठेव. नीट जिद्द धरा, दात आवळा, असंच. सरावात एकाने रेमंडच्या मानेवर पकड घातली. रेमंडने थाप दिली नाही. हार मानायची नव्हती ना. त्याची शुद्ध गेली, पण चेहरा पलीकडे होता, समोरच्याला कळलं नाही, तो दाबत राहिला.

रेमंड मेला नाही. सेल्माच्या बाहेर वृद्धाश्रम आहे, तिथे असतो. आता सत्तरीचा आहे. आधी त्याची आई त्याला भरवायची, मग बहीण, आता तिथल्या बायका. दोन-चार शब्द बोलतो. बाबा दर रविवारी जायचे, कधी चुकले नाहीत, माझ्या लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळी जाऊन आले. त्यांच्यानंतर मी जाते.

कोणाच्या अंगावर हुडी पाहिली ते सांगणार नव्हते. रेमंडच्या. त्याच्या भाचीने फ्रेस्नोच्या मॉलमध्ये पाहिली आणि घेतली. तिला बिचारीला वाटलं, मामाच्या सेन्सेईंचं, गुरूंचं चित्र आहे, मामा खूश होईल. आणि तो झालाच खूश! मी गेले तर खिडकीशी बसला होता, छातीवरून हात फिरवत. 'सेन्सेई,' म्हणाला. 'सेन्सेई.' मग भाचीने त्याला उशी लावायला पुढे वाकवलं आणि मला त्याची पाठ दिसली.

मी ती हुडी त्याच्या अंगावरून ओढून काढायला निघाले होते. खोटं नाही सांगत, बाही धरली होती. त्याने माझ्या हातावर हात ठेवला. सोडली.

आता तुझं ते परिचारिका, बसचालक, चटईची काळी किनार, सगळं कबूल. ती बाई खरं बोलत असेल. नवरा दार आपटत नाही याचा मला आनंद आहे. मग तेवढंच का नाही विकत? तुझ्या हाती बाबांची खरी गोष्ट आली होती आणि तू ती पैशासाठी उलटी करून शिवलीस.

आणि तो वेगासचा मेळा बंद कर. माणसांना दोन दिवस खुर्चीला बांधून ठेवणार आणि वर माझ्या बापाचा चेहरा टांगणार? बंद कर.

जॅनिस

---

अर्वाइन, १९ एप्रिल

नेसान,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले.

मी रेमंडना पाहिलंय. तालमीच्या सहलीत, कॅनव्हासच्या खुर्चीत. मामा त्यांना टरबुजाचे बारीक तुकडे करून भरवायचे. मला वाटायचं ते व्हिएतनामच्या लढाईत जखमी झालेले कोणी आहेत. कोणाला विचारलं नाही. विचारायचं नसतं असं वाटलं.

वाक्याबद्दल गॅरेटशी बोललो. नीट बोललो, मग भांडलो. तो म्हणतो, छापून झालेला माल जाळू का? पुढच्या वर्षी बघू म्हणतो. कागदोपत्री नाव आणि फोटो आता कंपनीचे आहेत, माझे नाहीत. मीच सही केली आहे. त्या वेळी तो फक्त एक कागद वाटला.

मेळा मला बंद करता येणार नाही. लोकांनी तिकिटं काढलीत, रजा टाकल्यात. पण मी डॉक्टर ठेवतोय. दर काही तासांनी उठून चालायला सांगणार आहे. पाणी, फळं, सगळं. मी स्वतः तिथे असेन, सतत. माझ्यावर एवढा तरी विश्वास ठेव.

त्यांना भेटायला येऊ का, सेल्माला?

किर्क

---

रीडली, २५ एप्रिल

किर्क,

नाही. कॅमेऱ्याशिवाय येशील याची खात्री मला नाही.

'उठून चालायला सांगणार.' जो खुर्ची सोडेल तो हरला असा नियम तुम्हीच केलाय, आणि वर सांगणार की उठा, जरा पाय मोकळे करा! कोण उठेल? तू उठला असतास? तेरा वर्षांचा असताना कोपर तुटत होतं तरी उठला नाहीस.

डॉक्टर ठेवलास म्हणून बरं वाटून घेऊ नकोस. रेमंड पडला तेव्हाही तालमीत एक डॉक्टर होता. डॉक्टर ओनो. आपल्या मुलाचा सराव बघायला आलेला. चटईच्या कडेला बसून चहा पीत होता.

परत लिहू नकोस मला, ते वाक्य काढेपर्यंत.

जॅनिस

---

अर्वाइन, २१ जून

जॅनिस,

लिहू नकोस म्हणालीस. लिहितोय. वाचायचं नसेल तर फाड, पण आज मला कोणावर तरी ओरडायचंय आणि टेसा घरात आहे.

वाक्य काढलेलं नाही. मला काढलंय.

मेळ्याचा दुसरा दिवस, दुपार. बरेच लोक गळाले होते. उरलेल्यांत पुढे होता रुबेन पार्टिडा नावाचा माणूस. बेकर्सफिल्डचा. ट्रकचे टायर बदलायचं काम करतो, पन्नाशीला आलेला, अंगाने भारी. सगळ्यांचा लाडका झाला होता. लोक त्याचं नाव घेऊन टाळ्या वाजवत होते. तो नियमाप्रमाणे खुर्चीतून हलला नव्हता. मी मागून फिरत होतो. त्याचा डावा पाय दिसला. बूट काढलेला, पाय सुजून मोज्यातून वर आलेला, आणि तो पाय हलत नव्हता. बाकीचं सगळं अंग हलत होतं, बोटं नाचत होती, तो पाय मेल्यासारखा.

जवळ गेलो. म्हटलं, 'रुबेन, पाय कसा आहे?'

'आहे तिथेच आहे,' म्हणाला. 'बाजूला हो, भाऊ, दिसत नाही.'

'जाणवतोय का?'

'जिंकल्यावर जाणवेल.'

डॉक्टरला बोलावलं. तो पोरगेला, गॅरेटने स्वस्तात आणलेला. तो म्हणाला, 'त्याची तक्रार नाही, तर मी काय करू?' गॅरेट धावत आला. कानात म्हणाला, 'आत्ता ऑनलाइन लाखो लोक बघतायत. याला हात लावलास तर बघ.' वर भिंतीएवढा मामांचा चेहरा टांगलेला होता.

मी भिंतीजवळ गेलो आणि मुख्य वायर उपटली. एक नाही, सगळ्या. सगळे पडदे काळे झाले. क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग जो आरडाओरडा झाला! बाटल्या फेकल्या माझ्यावर. एक माझ्या कानाला लागली. मी ओरडून सांगितलं, 'सामना संपला, सगळे घरी जा.' माईकही बंद होता, मीच बंद केलेला, त्यामुळे ऐकलं कोणी नाही.

रुबेनला गाडीत घालून इस्पितळात नेलं. जाताना तो सारखा म्हणत होता, 'मी जिंकत होतो. तू कोण रे? मी जिंकत होतो.' मी वाट बघत बसलो. डॉक्टरीण बाहेर आली. म्हणाली, सूज आहे, रक्त गोठल्याचं काही दिसत नाही, पाय वर करून झोपा, पाणी प्या. बस. एवढंच! साधी सूज!

दुसऱ्या दिवशी गॅरेटने वकील बसवला. मी कंपनीचं नुकसान केलं म्हणून मला बाहेर काढलं. खुर्ची मी आखली होती, चटईची किनार मी पहिली हाताने शिवली होती, आता मला त्या इमारतीत पाऊल टाकता येत नाही. मामांचं नाव, फोटो, सगळं त्याच्याकडेच. म्हणजे तुलाही काही मिळालं नाही आणि मलाही नाही. लोक मला भेकड म्हणतात. माझा बाटली चुकवतानाचा व्हिडिओ सगळीकडे फिरतोय, त्याला कोणीतरी गाणं लावलंय.

आणि रुबेन! त्याने मला रोज एक निरोप पाठवायचा नेम धरलाय. माझ्या आईपासून सुरुवात करतो. म्हणतो, माझ्या आयुष्यात एकदाच मी कशाततरी पहिला येणार होतो, आणि तू हरामखोराने ते उपटून टाकलंस. मी काय उत्तर देऊ? तो जिंकलाच असता. काही झालं नसतं त्याला. डॉक्टरीण म्हणाली ना, साधी सूज!

झालं तुझं समाधान? तुझं ऐकलं मी. त्याची ही बक्षिसी.

किर्क

---

रीडली, २७ जून

किर्क,

पत्र फाडलं नाही.

समाधान झालेलं नाही. गॅरेटला मी सोडणार नाही. इथल्या तालमीच्या पंचांची बैठक घेतली, वकील पाहिला आहे. त्सुदांची भाचीही येते म्हणाली. नाव परत मिळेल की नाही माहीत नाही, पण त्या माणसाला झोप लागू देणार नाही. तू सही केलीस म्हणून तुझ्यावरही अजून चिडलेली आहे. ते वेगळं खातं आहे, ते मिटलेलं नाही. कोर्टात साक्षीला उभा राहशील, आणि तिथे बोलण्यात गुंडाळणार नाहीस, एवढं कर.

पण 'साधी सूज' असं लिहून तू मला जाब विचारतोयस, त्याचं उत्तर देते.

बाबांचं भान शाबूत होतं तेव्हा, जायच्या दोन हिवाळे आधी, ते एकदा बोलले. त्याआधी कधी नाही. मी त्यांचे पाय चोळत होते. म्हणाले, त्या दिवशी त्यांना रेमंडचा पाय दिसला होता. चटईवर टाच घासत होती ती घासायची थांबली. त्यांना दिसलं. तोंडात शब्द आला होता, 'सोड.' पण म्हणाले, 'मला वाटलं, मी थांबवलं आणि तो अजून लढत असला तर? एवढा मानी पोरगा. सगळ्यांसमोर मी त्याला हरवलं असं त्याला वाटेल. तो माझ्यावर चिडेल.' म्हणून ते क्षणभर थांबले. तेवढंच. त्यांना रेमंडचा राग ओढवून घ्यायचा नव्हता.

मला वाटलं होतं रडतील. रडले नाहीत. भिंतीकडे बघून म्हणाले, 'चिडू द्यायला हवं होतं.'

किर्क, त्यांनी तेव्हा 'सोड' म्हटलं असतं तर काय झालं असतं? काही नाही. रेमंड उठून बसला असता, मान चोळली असती, डॉक्टर ओनोने बघून म्हटलं असतं, काही नाही, जरा चक्कर आली. साधी चक्कर. आणि रेमंडने तालमीत आदळआपट केली असती, आठवडाभर बाबांशी बोलला नसता, गावभर सांगत फिरला असता की मी सुटणारच होतो, सेन्सेईंनी माझा डाव मोडला. लोक म्हणाले असते, किताहाता भित्रा आहे. वेळेवर थांबवलं की हे असंच दिसतं. काही झालंच नाही असं दिसतं.

रुबेनला कसलंही शहाणपणाचं उत्तर पाठवू नकोस. तो चिडलाय ते बरोबर आहे, त्याचं हिसकावलंच आहेस तू. ऐकून घे.

मी दर रविवारी सेल्माला जाते. बाबा गेले तेव्हा मी रेमंडला सांगायला गेले होते. त्याचा हात हातात घेतला, सांगितलं. तो हसला, 'सेन्सेई' म्हणाला, आणि दाराकडे बघत राहिला, ते मागून येतायत असं समजून. आयुष्यभर तो त्यांच्याकडे तसाच बघून हसला. बाबा दर रविवारी काय ऐकायला जात होते असं तुला वाटतं?

त्यांना एक शिवी हवी होती रे. रेमंडने एकही दिली नाही.

जॅनिस